चौपट काँक्रीट

तीर्थस्वरूप वन्सं,

वाकून नमस्कार. (कंबर जेवढी वाकते तेवढाच, उरलेला मनातल्या मनात घातला आहे, तो पोचल्याचं कळवावं.) तुमचा खोकला गेला का? फोनवर तुम्ही "गेला" म्हणालात, पण तो एवढासा शब्द पुरा होईपर्यंत दोनदा खोकलात, म्हणून पुन्हा विचारते. तुमच्या इमारतीची लिफ्ट सुरू झाली, की अजून मधल्या मजल्यावरच्या बाईंकडे दम खायला थांबता? त्यांनाही नमस्कार सांगा. इकडे सगळं क्षेम आहे. मामंजींची तब्येत उत्तम, भूक उत्तम, राग आटोक्यात. मी बरी आहे. तुमच्या बंधूंची पाठ धरली आहे आणि ते पलंगावर उताणे पडून आहेत, पण काळजीचं काही नाही. ज्याला जन्मभर वरच बघायचं आहे त्याला उताणं पडायची शिक्षा ही शिक्षाच नव्हे.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. एक तर फोनवर हे शेजारी उभे राहतात आणि मी सांगत असलेल्या गोष्टीतल्या दुरुस्त्या मोठ्याने सांगतात. दुसरं म्हणजे माझा धंदा. सगळी हयात दातांच्या दवाखान्यात अशा माणसांशी बोलण्यात गेली, ज्यांच्या तोंडात माझी दहाच्या दहा बोटं असतात. मध्येच कोणी "हो का?" म्हटलं की मी पुढचं विसरते. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही. तेव्हा चहाचा कप घ्या आणि निवांत बसा.

वेधशाळेचं खूळ तुम्हाला ठाऊक आहे. निवृत्त झाल्यावर ह्यांनी दुर्बीण घेतली, ती एकट्याला उचलत नाही. रोज संध्याकाळी ह्यांनी एक टोक धरायचं, मी दुसरं, आणि घरात नवं कपाट आल्यासारखं "तुझ्याकडून, तुझ्याकडून, थांब!" करत तिला बागेत न्यायचं. ती मांडून होईपर्यंत ढग यायचे, की परत तीच वरात आत. एकदा दाराच्या चौकटीचा टवका उडाला आणि ह्यांनी जाहीर केलं की दुर्बिणीला कायमची खोली बांधायची, सरकत्या छपराची, आणि आपल्या हातांनी. मला वाटलं चार पत्रे, चार खिळे. पण ह्यांची नोकरी वजनमाप खात्यातली. हा माणूस आयुष्यभर दुकानादुकानांत जाऊन लोकांच्या तराजूंना नावं ठेवत आला. त्याच्या डोक्यात पत्रे आणि खिळे कुठून येणार? म्हणाले, "आधी पाया." मग त्या एका शब्दावर जाड जाड पुस्तकं आली, दोरी आली, ओळंबा आला, पाणसळ आली, आणि माझ्या स्वयंपाकघरातली मोठी परात वाळू चाळायला गेली ती गेलीच.

बागेत जागा म्हणाल तर केवढी! पण आभाळाची जागा वेगळी असते म्हणे. पहिला खड्डा लिंबाजवळ खणला. छातीइतका खोल झाल्यावर हे त्यात उभे राहिले, वर पाहिलं, आणि लक्षात आलं की गुरू ज्या बाजूने वर येतो तिथे आपली पाण्याची टाकी आहे. (खड्डा खणायच्या आधी जमिनीवर उभं राहूनही ती टाकी दिसते. मी हे बोलले नाही. लग्न टिकवायचं असतं.) तो बुजवला. दुसरा खड्डा फाटकाच्या बाजूला. तिथे कुदळ नळाच्या पाइपावर बसली आणि असं कारंजं उडालं की दवाखान्यातले दोन पेशंट गाल धरून ते बघायला बाहेर आले. त्यातल्या एकीचं दुखणं तेवढ्यापुरतं थांबलं सुद्धा. तो खड्डा प्लंबरने बुजवला. उरली ती एकच जागा, कुंपणालगतची मोकळी, चारी बाजूंनी आभाळ दिसणारी. आणि तिथे मामंजींची खुर्ची.

आता तुम्हाला तुमचे वडील मी काय सांगावे! उन्हं कोवळी असेपर्यंत त्या कोपऱ्यात बसायचं, वर्तमानपत्र वाचायचं आणि कुंपणापलीकडे गल्लीतून कोण चाललं आहे, कसं चाललं आहे, गाडी चुकीच्या बाजूने कोणी लावली, यावर नजर ठेवायची. वाहतूक पोलिसाची नोकरी सुटली तरी नजर कुठे सुटते? ह्यांनी त्यांना विचारलं असतं तर त्यांनी जागा दिलीही असती. पण हे विचारायला गेलेच नाहीत. एका सकाळी मामंजी अंघोळीला गेले असताना ह्यांनी खुर्ची उचलून व्हरांड्यात ठेवली आणि त्या जागी चुन्याने गोल आखला. मामंजी बाहेर आले, गोलाकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि आत निघून गेले. त्या दिवसापासून बोलणं बंद. माझ्याशी चालू होतं, पण ते असं, की "तुमच्या यजमानांना सांगा, मीठ इकडे सरकवा." आणि मीठ ह्यांच्या कोपराशी असायचं. बागेत तर ते पाऊलही टाकेनात. दिवसभर खोलीत, पडदा ओढून. सुरुवातीला मला हसू यायचं, वन्सं, पण पुढे पुढे येईनासं झालं. म्हातारं माणूस उन्हाला पाठ करून बसलं की बघवत नाही. ह्यांना म्हटलं, जाऊन दोन शब्द बोला. म्हणाले, खांब उभा राहिला की बाबांना आपोआप पटेल. मनातून त्यांनाही खात होतं. रोज संध्याकाळी त्या बंद पडद्याकडे बघत खड्डा खणायचे. दोन्ही बाजूंनी हट्ट एकाच माळेतला, तेव्हा मी आपली मधल्या मधे मीठ सरकवत राहिले.

हा खांब काय प्रकार आहे ते सांगते, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. दुर्बिणीतून बघताना खोलीत कोणी नुसतं पाय आपटून गेलं, तरी तारा थरथरतो. म्हणून दुर्बीण ज्या खांबावर बसते तो खोल, स्वतंत्र पायावर उभा करायचा. भोवतालची फरशी वेगळ्या पायावर. आणि दोघांच्या मधे चांगली बोटभर फट. म्हणजे एकाच छपराखाली राहायचं, पण एकाचा धक्का दुसऱ्याला लागू द्यायचा नाही. मी म्हटलं, यासाठी पुस्तकं कशाला मागवलीत, आपल्या घरी बाप-लेक तेच करताहेत. (हे मात्र बोलले. लग्न एवढं काही नाजूक नाही.)

असो. सळ्या बांधून झाल्या, फळ्यांचे साचे ठोकून झाले. काँक्रीट हाताने कालवायचा ह्यांचा बेत होता, पण पहिल्याच घमेल्याला पाठीतून "कट्" असा आवाज आला, जो मला दाराशी ऐकू आला. तेव्हा तयार काँक्रीटची गाडी मागवायची ठरली. ती मोठी, पोटात पिंप फिरवत येते ती. ह्यांनी पानभर आकडेमोड केली, दोनदा तपासली आणि फोनवर मागणी नोंदवली. ज्या ऐटीत ते आकडे सांगत होते, वन्सं, मला वाटलं पलीकडचा माणूस उभा राहून लिहून घेत असेल.

गाडी दहाला यायची ती आठच्या आधीच आली. हे अर्धी दाढी करून, अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर पळाले. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "साहेब, लवकर उतरवा. तास-सव्वा तासात गाडीत दगड होईल." गाडी फाटकातून आत येईना. म्हणजे गल्लीतच उभी करून हातगाड्यांनी वाहायचं. आणि गाडी गल्लीत उभी राहिली म्हणजे गल्ली बंद. मागे शाळेची बस. बसमागे दूधवाला. पुढून शेजारच्या वकीलसाहेबांची मोटार निघालेली, त्यांना लांबचं कोर्ट गाठायचं. (वकीलसाहेब तुम्हाला आठवत असतीलच. मागच्या वर्षी मामंजींच्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही महिनाभर इथे होतात, तेव्हा कुंपणाशी टेबल लावून तुम्ही त्यांना बुद्धिबळात रोज हरवायचात आणि चूक कुठे झाली तेही समजावून सांगायचात.) सगळे भोंगे एकदम सुरू झाले. बसमधली पोरं आनंदाने किंचाळायला लागली. हे अर्ध्या दाढीने एकदा गाडीकडे, एकदा खड्ड्याकडे बघत जागच्या जागी उभे, आणि माझ्या हातात दवाखान्यातला लहानसा आरसा का होता ते मला अजून कळलेलं नाही.

इतक्यात भोंगे थांबले. एकेक करून नव्हे, एकदम. बघते तर गल्लीच्या मधोमध मामंजी. अंगात पायजमा आणि बनियन, डोक्याला काही नाही, काठी व्हरांड्यात विसरलेली, आणि उजवा हात उंच, पंजा सरळ. मी त्यांना त्यांच्या नोकरीत कधी पाहिलं नव्हतं, वन्सं. तुम्ही लहानपणी पाहिलं असेल. त्या हातासमोर रेल्वे थांबली असती. बसला मागे घेतलं, दूधवाल्याला वळवलं, वकीलसाहेबांना इंजिन बंद करायला लावलं आणि वर "खाली उतरा, हातगाडी धरा," असं फर्मावलं. वकीलसाहेबांनी कोट काढून मोटारीत ठेवला आणि धरली! कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या बाई आल्या, इस्त्रीवाला आला, बसचा ड्रायव्हर सुद्धा आला. भरलेल्या गाड्या फाटकाच्या डाव्या अंगाने आत, रिकाम्या उजव्या अंगाने बाहेर, मध्ये कोणी थांबायचं नाही, गप्पा नाहीत. मुलाशी अजून अबोलाच होता, पण हाताच्या खुणेने त्यांनी ह्यांना खड्ड्याशी उभं केलं आणि ह्यांनी निमूटपणे उभं राहून ओतलेलं काँक्रीट सळईने ठोसलं. मला तर माझ्याच धंद्यातलं काम वाटत होतं: पोकळी स्वच्छ करायची, मसाला भरायचा, दाबून हवा काढायची आणि तो घट्ट व्हायच्या आत हात काढून घ्यायचा. फक्त इथे पेशंटला तोंड बंद करा म्हणून सांगायची सोय नाही.

मधला खांब भरला. भोवतीचा पाया भरला. ह्यांनी कपाळावरचा घाम पुसला (दाढीचा साबण वाळून त्याचं एव्हाना प्लास्टर झालं होतं) आणि मोठ्या समाधानाने हाक दिली, "पुरे!"

ड्रायव्हर म्हणाला, "पुरे काय साहेब? अजून तीन हिस्से पोटात आहेत."

हातगाड्या वाटेतच थांबल्या. पिंप तेवढं फिरत होतं, घरर्र घरर्र. ह्यांनी खिशातून आकडेमोडीचा कागद काढला, वरपासून खालपर्यंत वाचला, आणि त्यांचा चेहरा पडत पडत गेला. गोलाचं माप घेताना मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर धरायचं असतं. ह्यांनी या कडेपासून त्या कडेपर्यंतचं धरलं. म्हणजे दुप्पट. आणि गणितात ते दोनदा गुणतात म्हणे, म्हणजे चौपट. आयुष्यभर ज्यांनी वाण्यांना गुंजभर वजनासाठी कोर्टात उभं केलं, त्यांच्या दारात तिप्पट जादा माल उभा! ड्रायव्हर म्हणाला, परत नेता येत नाही, आणि रस्त्यावर ओतता येत नाही, कारण (त्याने मामंजींकडे तिरकं बघितलं) आजोबा ओतू देणार नाहीत.

मग मामंजी बोलले. कित्येक आठवड्यांनंतर मुलाशी थेट पहिला शब्द. म्हणाले, "इकडे."

बागेच्या दुसऱ्या बाजूला, दवाखान्याच्या खिडकीखाली, त्यांनी चपलेच्या टाचेने जमिनीवर एक चौकोन ओढला. चांगला ऐसपैस. तिथून सकाळचं ऊन मिळतं, गल्ली दोन्ही टोकांपर्यंत दिसते आणि दवाखान्यात कोण येतंय-जातंय तेही कळतं. जुन्या कोपऱ्यापेक्षा कितीतरी पटीने चांगली जागा. मला खात्री आहे की पडद्याआड बसून त्यांनी ती केव्हाच हेरली होती आणि नुसती कोणी विचारायची वाट बघत होते. ह्यांनी लगेच चार फळ्या ठोकल्या. काँक्रीट पडलं. बाप-लेक दोघं गुडघ्यांवर बसून एकच फळी दोन टोकांनी धरून ते सपाट करू लागले. "तुझ्या बाजूला उंच आहे." "नाही बाबा, तुमच्या बाजूला खोल आहे." पाणसळ आणली, तेव्हा निघालं दोन्ही खरं. मला एकदम दवाखान्यात काहीतरी काम आठवलं आणि मी आत जाऊन डोळे पुसून आले.

तरी पिंप रिकामं होईना. मग मामंजींनी गल्लीत पुकारा केला की कोणाला काय हवं ते आत्ता सांगा, नंतर रडू नका. शिवणवाल्या बाईंच्या दाराला पायरी झाली. आता पावसाचं पाणी त्यांच्या कपड्यांपर्यंत येणार नाही. इस्त्रीवाल्याचं टेबल डुगडुगायचं, त्याखाली ओटा झाला. शेवटच्या दोन गाड्या उरल्या तेव्हा वकीलसाहेब, शर्टाच्या बाह्या वर, पँट गुडघ्यापर्यंत सिमेंटने माखलेली, संकोचून म्हणाले की मलाही कधीपासून एका खांबासाठी पाया हवा होता. हे उदारपणाने म्हणाले, "घ्या घ्या! दोन घ्या!" कसला खांब, हे कोणी विचारलं नाही. वकीलसाहेब कोर्टात त्या दिवशी पोचले नाहीत. शाळेची बस पोचली, पण तिसऱ्या तासाला, आणि पोरांनी मामंजींना हात करत करत गल्ली सोडली.

काँक्रीट पुरतं धरल्यावर ह्यांनी परीक्षा घेतली. खांबावर काठोकाठ पाण्याने भरलेली वाटी ठेवली आणि मला फरशीवर उडी मारायला सांगितलं. मी म्हटलं, लग्नाला इतकी वर्षं झाली, तुमच्यासाठी उडी मारायची एवढीच राहिली होती. कुंपणापलीकडे कोणी नाही असं बघून पदर खोचला आणि मारली. दाणकन. वाटीतलं पाणी हललं नाही. पुन्हा मारली. नाही हललं. मग मामंजी खुर्चीवरून उठले, काठी बाजूला ठेवून त्यांनी पाय आपटला आणि वाकून वाटीत पाहिलं. म्हणाले, "पक्कं झालंय." एवढंच. पण तुमचे बंधू, ज्यांना आजवर कोणत्याही काट्याचा भरवसा वाटला नाही, ते त्या दोन शब्दांवर असे खुलले, की लगेच दुर्बीण उचलायला गेले. एकट्याने. पाठ तेव्हा धरली ती ही.

आणि त्याच आठवड्यात वकीलसाहेबांचा खांब उभा राहिला. वन्सं, तो दिव्याचा खांब आहे. आपल्या कुंपणाला लागून, आपल्याच काँक्रीटवर, आपल्या होऊ घातलेल्या वेधशाळेहून उंच, आणि वर दिवा असा की त्याखाली मी अक्कलदाढ काढू शकेन. अंधार पडायला लागला की तो लागतो आणि आभाळातलं सगळं पुसून जातं. ह्यांना पलंगावर कळलं तेव्हा ते छताकडे बघत म्हणाले, "पाया कसा आहे त्याचा?" मी म्हटलं, भक्कम. तर उसासा टाकून म्हणाले, "असणारच."

मी वकीलसाहेबांकडे जाऊन आले. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की दिवा गल्लीच्या सोयीसाठी आहे, त्याबाबत तूर्त काही करणं आपल्याला शक्य नाही, दिलगीर आहोत. कारण विचारलं तर टेबलावरचा चष्मा पुसायला लागले. वकिलाला कायद्याचा धाक कोणी घालायचा? एरवी माणूस इतका सज्जन, की दुसऱ्या दिवशी ह्यांच्या पाठीला लावायला तेल पाठवलं.

बाकी सगळं ठीक. लिंबाला लिंबं आली आहेत. तुम्ही एकट्या राहता, स्वतःला जपा, खोकल्याला वाफ घ्या, आणि मधल्या मजल्यावरच्या बाईंच्या सांगण्यावरून दातांना कसलीही पूड लावू नका. काही कामासाठी हे पत्र लिहिलं आहे असं मुळीच नाही, नुसती खुशाली कळवावी म्हणून.

तुमची,
दातवाली भावजय

ता. क. – कामासाठी नाही असं वर लिहिलं ते मोडून काढते. काल मामंजींनी मला हळूच बोलावलं. दिवा कशासाठी आहे ते त्यांना पहिल्यापासून माहीत होतं म्हणे, पण "मला कोणी विचारलं नाही." मागच्या वर्षी जायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही फाटकाशी वकीलसाहेबांना म्हणालात ना, की या गल्लीत समोर कोण उभं आहे तेही दिसत नाही, पुढच्या वेळी मी संध्याकाळच्या गाडीने यायची नाही? ते वाक्य तुम्ही विसरलात. त्यांनी नाही विसरलं. संध्याकाळची गाडी यायच्या सुमाराला ते दिवा लावतात आणि वळणाकडे बघत पायऱ्यांवर बसतात. परवा त्यांनी मामंजींना विचारलं, "ताईंचं इकडे येणं नजीकच्या काळात संभवतं का?" तेव्हा वन्सं, गाडीचं तिकीट काढा. तुम्ही एक शब्द टाकलात की दिवा विझेल, आणि तुमच्या भावाला शनी दिसेल.

ता. क. दुसरा – वरचं मामंजींना वाचून दाखवलं. ते म्हणतात शेवटचं वाक्य खोड. "तिला लिही, शनी कुठे पळून जात नाही. तू दिवा विझवायला येऊ नकोस, नुसती ये."

ता. क. तिसरा – ह्यांना यातलं अवाक्षर ठाऊक नाही. ते आतून ओरडताहेत की ताईने वकिलाला बुद्धिबळात हरवलंय, तर त्याला नोटीस कशी द्यायची तेही तिलाच विचार. मी हो म्हटलं आहे. पत्र बंद करत होते तेवढ्यात वकीलसाहेब कुंपणाशी आले आणि एवढं लांबलचक काय लिहिताय म्हणाले. मी म्हटलं, वन्संना. ते तडक आत गेले, इस्त्रीचा शर्ट घालून परत आले आणि म्हणाले की आमचाही नमस्कार कळवावा. तो कळवते. आत्ता दुपार आहे, लख्ख ऊन पडलं आहे, आणि दिवा लागलेला आहे.